ह्या सगळा पुसता कोण?

स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दालीच्या घरात आम्ही लायब्ररीत उभे होतो, म्हणजे उभे कसले, एकमेकांच्या कोपरांना चुकवत ताटकळलो होतो, आणि वरती पुस्तकांच्या शेल्फांवर पेंढा भरलेले राजहंस माना वळवून बसलेले. हे समोरच्या खाडीत पोहायचे, दालीचे पाळलेले, मेल्यावर त्याने त्यांच्यात पेंढा भरून घेतला, असं गाईड सांगत होती. ग्रुपमधले सगळे माना वर करून फोटो काढत होते. आईने मात्र मान वर केली, मग खाली केली, मग कपाटाच्या कडेवरून नजर फिरवली (बोट फिरवायची फार इच्छा होती, पण आधीच्या खोलीत भिंतीला हात लावला म्हणून एकदा बोलणी खाऊन झाली होती) आणि आपल्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे वेंगुर्ल्यात शेजारणीला हाक मारायच्या आवाजात म्हणाली, "गो, ह्या सगळा पुसता कोण?" गाईडने हसून विचारलं, काय म्हणतायत? मी सांगितलं. ती मोठ्याने हसली, "गुड क्वेश्चन" म्हणाली, आणि घड्याळाकडे बघून आम्हाला पुढच्या खोलीत ढकललं, कारण मागचा ग्रुप दारात येऊन थांबला होता.

बास, एवढंच झालं. पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून काही जाईना.

खरं तर मला तिथे जायचंच नव्हतं. दालीबद्दल माझं मत कधीच फार बरं नव्हतं. वितळलेली घड्याळं शाळेच्या वहीच्या कव्हरपासून कॉफीच्या मगपर्यंत इतक्या ठिकाणी बघितली की त्यातला चमत्कार माझ्यापुरता संपलेला. त्यात ती मिशी. त्यात तो पैशांचा हव्यास, सर्रिअलिस्टांचा पुढारी आंद्रे ब्रेतों याने त्याच्या नावाची अक्षरं फिरवून 'आविदा डॉलर्स', म्हणजे डॉलर्सना हपापलेला, असं नवं नावच ठेवलं होतं. आयुष्याच्या शेवटी शेवटी कोऱ्या कागदांवर सह्या करून दिल्या, हजारोंनी, आणि त्यावर कोणी काय छापलं देव जाणे. आणि फ्रँको. १९७५ च्या सप्टेंबरमध्ये स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या सरकारने पाच जणांना गोळ्या घातल्या, जगभर निदर्शनं झाली, आणि या माणसाने फ्रँकोचं कौतुक केलं. ज्याचा जिवलग मित्र, कवी लोर्का, याच फ्रँकोच्या बाजूच्या लोकांनी १९३६ मध्ये मारला, त्याने. लोर्का दोनदा या कादाकेस गावात दालीच्या घरच्यांकडे पाहुणा म्हणून राहून गेलेला. हे सगळं माहीत असताना त्या माणसाच्या घरात तिकीट काढून, रांगेत उभं राहून, हाऽऽ किती छान म्हणायला जायचं हे मला काही पटत नव्हतं. पण आई मुक्कामाला आलेली, बार्सिलोनातली गाउदीची सगळी बांधकामं बघून तिचे गुडघे दुखायला लागलेले, आणि नवऱ्याने कधीतरी तिला सांगून ठेवलेलं की एक चित्रकार होता, कोळ्यांच्या वाडीत समुद्राला लागून राहायचा. आईला चित्रकारात काही इंटरेस्ट नव्हता. कोळ्यांची वाडी म्हटल्यावर मात्र ती म्हणाली, जावया म्हणता तर जाऊया.

बार्सिलोनाहून कादाकेसला थेट बस आहे, पावणेतीन तास वगैरे लागतात. शेवटचा तासभर म्हणजे नुसती वळणं. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली कुठेतरी अधूनमधून समुद्र, आणि डोंगरांवर अथपासून इतिपर्यंत दगडी बांध, एकावर एक, शेकडो. चुना नाही सिमेंट नाही, नुसत्या काळ्या पाटीच्या दगडाच्या चपट्या फोडी एकमेकींवर रचलेल्या. कधीकाळी इथे सगळ्या द्राक्षाच्या बागा होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फिलोक्सेरा नावाची कीड आली, वेलींच्या मुळांवर बसते ती, आणि तिने अख्खे डोंगर उघडे केले. बांध तसेच राहिले. आता तिथे थोडी ऑलिव्हची झाडं आणि बाकी झुडपं. आंबोली घाट पाठ असलेल्या आईला वळणांचं काही वाटलं नाही, ती आमसुलाचा तुकडा गालात धरून शांतपणे बांध मोजत होती, आणि शेजारच्या सीटवरचा एक गोरा पोरगा पिशवीत तोंड घालून बसलेला त्याला तिने एक आमसूल देऊ केलं. त्याने घेतलं. चेहरा बघण्यासारखा झाला, पण उलटी थांबली असावी.

कादाकेस गाव पांढरं आहे, पोस्टकार्डात असतं तितकंच पांढरं, आणि ते बघून मला थोडी चिडचिडच झाली. वरती चर्च, खाली बोटी, किनाऱ्यावर दालीचा पुतळा आणि त्याच्याभोवती सेल्फीवाले. दालीचं घर आहे ती वाडी, पोर्टलिगात, तिथून चालत पंधरा-वीस मिनिटांवर, पण मध्ये चढ आहे. त्या दिवशी त्रामुंताना सुटलेला. उत्तरेकडून येणारा कोरडा गार वारा, आकाश असं लख्ख करतो की लांबच्या डोंगरावरचं एकेक झाड वेगळं दिसावं, आणि इथले लोक म्हणतात की तो आठवडाभर वाहिला की माणसं खुळावतात. गावात कोणी काही विचित्र केलं की वाऱ्यावर ढकलून मोकळे. आईने पदर कमरेला खोचला, वरून माझं जॅकेट घातलं, आणि चढावर एका स्मशानाच्या पांढऱ्या भिंतीपाशी दम खायला थांबली. वाऱ्याला रोझमेरीचा वास होता आणि त्याच्यामागून खारट वास यायला लागला, तेव्हा ती म्हणाली, इलो दर्या. मग उतार लागला आणि खाली खाडी दिसली.

समोर एक बेट आडवं पडलेलं आहे, त्यामुळे खाडीचं तोंड जवळजवळ बंदच होतं. आत लाट नाही. पाणी नुसतं वाऱ्याने शहारल्यासारखं होत होतं. पाण्यात पाच-पंचवीस बोटी, वाळू नाहीच, त्याच काळ्या दगडाच्या चिपांचा किनारा. आई बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं आवडलं. तर म्हणाली, "ह्यो दर्या? मगे गाज खंय?"

पण मला मात्र ते बघून एकदम ओळखीचं वाटायला लागलं, आणि का ते कळायला थोडा वेळ लागला. काळ्या कातळाचे ते सुळके, पाण्याचा तो निवांत पट्टा, मागे पिवळा उजेड. वितळलेल्या घड्याळांच्या मागे हेच तर आहे! वहीच्या कव्हरवर मी इतकी वर्षं फक्त घड्याळं बघितली, मागचा समुद्र बघितलाच नाही. ते चित्र १९३१ चं, न्यू यॉर्कला असतं, आणि आकाराने इतकुसं आहे, २४ बाय ३३ सेंटिमीटर, म्हणजे वहीच्या कागदापेक्षा थोडं मोठं. ग्लासगोला त्याचं ते क्रूसावरच्या ख्रिस्ताचं प्रसिद्ध चित्र आहे, वरून बघितलेलं, १९५१ चं, त्याच्यातही तळाशी हीच खाडी, हेच पाणी, काठाला बोट आणि कोळी. स्वप्नातली चित्रं म्हणून आपण ज्यांना म्हणतो त्यातलं अर्धंअधिक हा माणूस खिडकीतून बघून काढत होता. हे मला आधी माहीत नव्हतं असं नाही, कुठेतरी वाचलेलं होतं, पण वाचणं वेगळं आणि ते कातळ समोर दिसणं वेगळं. काप दे क्रेउसच्या त्या सगळ्या किनाऱ्यावर वाऱ्याने आणि खाऱ्या पाण्याने दगडांना असे आकार दिलेत की कोणाला नाक दिसतं, कोणाला उंट. वेडेपणा कल्पनेत नव्हता म्हणजे, दगडातच होता.

घराच्या दारात एक जुनी होडी आहे आणि तिच्यातून सुरूचं झाड वर गेलंय. छपरावर मोठमोठी पांढरी अंडी. तिकीट आधी ऑनलाइन काढावं लागतं, त्यावर वेळ लिहिलेली, आधी अर्धा तास येऊन हजर व्हायचं, बॅगा जमा करायच्या, मग आठ-दहा जणांचा ग्रुप करून आत सोडतात. खोल्याच इतक्या लहान आहेत की याहून जास्त माणसं मावणारच नाहीत. आई म्हणाली, डॉक्टराकडे नंबर लावल्यासारखा. पहिल्याच खोलीत ध्रुवीय अस्वल, खरंखुरं, पेंढा भरलेलं, गळ्यात माळांवर माळा, हातात दिवा, आणि काठ्या ठेवायला स्टँडचं काम करतंय. एडवर्ड जेम्स नावाच्या एका श्रीमंत इंग्रज मित्राने दिलेलं. आपल्याकडे पाहुणा आला की दारात त्याला पाणी तरी देतात, इथे अस्वल. तिथून पुढे तीन पायऱ्या वर, दोन खाली, बोळ, पुन्हा पायऱ्या, वळण, खोली, बोळ. भिंती जाड, पांढऱ्या सफेद्याच्या, कोपरे गोल झालेले. आईचे गुडघे कुरकुरत होते पण ती थांबायला तयार नव्हती. कुठून कुठे आलो ते मला अजिबात कळेना, तिला बरोबर कळत होतं. "ह्या घर बांधूक नाय," ती मला सांगायला लागली, "ह्या वाढत गेला."

तिचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. १९३० मध्ये दालीने इथे कोळ्यांची एक झोपडी घेतली, जाळी-वल्ही ठेवायची, जेमतेम २२ चौरस मीटर. मुंबईतल्या एका खोलीएवढी म्हणा ना. तेव्हा तो पंचविशीतला, आणि बापाने घरातून हाकललेला. बाप फिगेरेसचा नोटरी, मोठं प्रस्थ, कादाकेसला त्यांचं उन्हाळ्यातलं घर. आई वारलेली असताना पोराने, आईच्या चित्रावर कधी कधी मी आनंदाने थुंकतो असं लिहिलेलं काम पॅरिसमध्ये मांडलं, आणि वर दुसऱ्याच्या बायकोबरोबर राहायला लागला. ही गाला, कवी पॉल एल्युआरची बायको, दालीपेक्षा दहा वर्षांनी मोठी, रशियन. बापाचा शब्द म्हणजे गावाचा शब्द, कादाकेसमध्ये यांना कोणी दारात उभं करेना. मग लिडिया नावाच्या एका मासेवालीने मदत केली, तिच्या पोरांच्या ताब्यातली ती झोपडी यांना विकली. गाव लिडियाला खुळी म्हणायचं. तिची पोरंही पुढे वेड्यांच्या इस्पितळात गेली. दाली तिच्याबद्दल नेहमी आदराने बोलायचा, लिहायचा, ते मला आवडतं. मग शेजारची एक झोपडी घेतली, मग आणखी एक, पैसे आले की एक खोली. घरं चढावर असल्यामुळे प्रत्येकाची जमीन वेगळ्या उंचीवर, म्हणून त्या पायऱ्या. पेशीतून पेशी फुटावी तसं आमचं घर वाढलं अशा अर्थाचं तो म्हणायचा. आमच्या वेंगुर्ल्याच्या घराला आजोबांनी एक पडवी काढली, मग काकांच्या लग्नात दुसरी, मग न्हाणीघर आत घेतलं, मग माजघराची भिंत पाडून दार केलं, आणि आज नवीन माणूस आला की त्याला देवघर सापडत नाही. फक्त आम्ही त्याला पेशी-बिशी म्हटलं नाही, गवंड्याला आणि आजोबांना दोघांनाही अंदाज चुकला असंच समजत आलो.

मध्ये बारा वर्षं, स्पेनमधली यादवी आणि महायुद्ध धरून, त्यांचं येणंजाणं मोडलं, बरीच वर्षं अमेरिकेत काढली, १९४८ मध्ये परत आले ते मग गाला जाईपर्यंत, म्हणजे १९८२ पर्यंत, हेच घर. वसंत ते शरद इथे, हिवाळ्यात पॅरिस आणि न्यू यॉर्क. पैसा तिकडे, काम इकडे.

काम म्हणजे ती स्टुडिओची खोली. सगळ्या घरात मला तीच फक्त एका माणसाची वाटली, बाकीचं घर बघणाऱ्यांसाठी मांडलंय की काय असं वाटत राहतं. मोठी खिडकी, तिच्यातून खाडी, आणि समोर भिंतीला चित्राची भलीमोठी चौकट, जमिनीत फट पाडलेली. हँडल फिरवलं की कॅनव्हास त्या फटीतून खालच्या मजल्यात उतरतो किंवा वर येतो. म्हणजे दाली खुर्चीतून उठायचाच नाही. वरचं आकाश रंगवायचं असेल तर कॅनव्हास खाली, खालचे पाय रंगवायचे असतील तर वर. मी हे बघून हसले, आळशीपणाचा कळस म्हणून. मग बाजूला पडलेले रंगांचे चपटे झालेले ट्यूब, केस झडलेले कुंचले, खुर्चीची दबलेली गादी हे बघितलं, आणि हसणं थोडं थांबलं. दिवसचे दिवस एका जागी बसून केसाएवढ्या कुंचल्याने काम करणाऱ्याला असंच काहीतरी लागणार. ज्या माणसाच्या नावावर इतका तमाशा, तो दिवसातले बरेच तास या खुर्चीत गप्प बसलेला होता. नव्हतं मला हे कळून घ्यायचं. राग सोपा होता.

झोपायची खोलीही तशीच. पलंग वरच्या उंचीवर, आणि खालच्या पिवळ्या खोलीत आरसा असा लावलाय की सूर्य उगवला की त्याचं ऊन आरशावरून थेट पलंगावर. काप दे क्रेउस हे स्पेनच्या मुख्य भूमीचं सगळ्यात पूर्वेकडचं टोक, म्हणून स्पेनमध्ये सूर्य सगळ्यात आधी मला भेटतो असं हा सांगत फिरायचा. (मिनोर्का बेट त्याहून कितीतरी पूर्वेला आहे, स्पेनमध्येच आहे, पण बेटवाल्यांकडे एवढी चांगली मिशी नव्हती.) तिथेच जवळ एक इवलासा पिंजरा, रातकिड्यांचा. रातकिडे पाळायचा, आवाज ऐकायला. आईला हे अजिबात कळलं नाही, रातकिड्यांसाठी पिंजरा कशाला? आमच्याकडे पिंजरा माणसांना लागेल.

आणि सगळीकडे सुकलेली पिवळी फुलं. याच डोंगरांवर होतात ती, सुकली तरी रंग जात नाही. दारांवर, खिडक्यांवर, आरशांभोवती गुच्छच्या गुच्छ. हे गालाचं. कपाटांच्या दारांवर आतबाहेर चिकटवलेले फोटो, मोठमोठ्या लोकांबरोबर दाली, ते चिकटवणंही तिचंच. गालाबद्दल कोणी चांगलं लिहिलेलं मी फारसं वाचलं नाहीये. पैशाला चिकट, जुगारी, तरुण पोरांच्या मागे लागणारी, दालीला कामाला जुंपणारी, वगैरे वगैरे. तिने एल्युआरपासून झालेली मुलगी सोडली ती सोडलीच. १९८२ मध्ये ही शेवटच्या आजारात इथे पडलेली असताना ती मुलगी भेटायला आली तर तिला दारातून परत पाठवलं असं सांगतात. हे मी आईला परत जाताना सांगितलं तेव्हा ती चिडलीच, "चेडवाक भेटूक नाय? पोटच्या?" आणि मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसली. मला गालाची बाजू घ्यायची नाहीये. पण पन्नास वर्षं एका चक्रम माणसाचे हिशोब, करार, फोन, पाहुणे, जेवणं, औषधं बघणाऱ्या बाईला आपण जेवढ्या शिव्या देतो तेवढ्या त्या खुर्चीत बसलेल्याला देत नाही, त्याला जीनियस म्हणतो, हेही मला टोचतंच. सगळ्यात शेवटी तिची गोल खोली येते, १९६१ मध्ये बांधलेली, घुमटासारखं छत, भिंतीला लागून गोलाकार बसायची सोय. तिथे आवाजाचं काहीतरी विचित्र होतं. मध्यभागी उभं राहून बोललं की स्वतःचाच आवाज डोक्यावर येऊन आदळतो. आई आत शिरली आणि तिला जोराची शिंक आली, वाऱ्याने. ती शिंक अशी घुमली की ग्रुपमधल्या एका म्हाताऱ्या जपानी गृहस्थांनी दचकून भिंत धरली, आणि त्यांना कोणी काही बोललं नाही!

मग बाहेर अंगण, आणि तिथे सगळा बाजार. पोहायचा तलाव कसल्या आकाराचा आहे ते मी आईला सांगितलं नाही, तिने विचारलंही नाही, पण ज्या तऱ्हेने ती दुसरीकडे बघायला लागली त्यावरून तिला कळलेलं होतं. पिरेली टायरच्या जाहिरातीची पाटी, मिशेलिनचे टायरवाले बाहुले, ओठांच्या आकाराचा सोफा. वर ऑलिव्हच्या बागेत एक आडवा पडलेला ख्रिस्त, होडीच्या फळ्या, कौलं, फांद्या, भंगार यांचा बनवलेला. तो मला आवडला, सगळ्यात. पाहुण्यांना दाली इथेच बाहेर भेटायचा, आत फारसं कोणाला न्यायचा नाही.

हत्तीची गोष्ट आईला मी तिथेच सांगितली, तलावाच्या कडेला. १९६७ मध्ये आपल्या एअर इंडियाने, म्हणजे तेव्हाच्या मुंबईवाल्या एअर इंडियाने, दालीकडून एक ॲशट्रे करून घेतला, फर्स्ट क्लासच्या पाहुण्यांना भेट द्यायला. पोर्सेलिनचा, शिंपल्याच्या आकाराचा, काठावर साप आणि खाली हंस आणि हत्ती, म्हणजे असं की एकीकडून हंस दिसतो आणि उलटा केला की तोच हत्ती होतो. पैसे नको म्हणाला. म्हणाला, मला हत्तीचं पिल्लू द्या. आणि त्यांनी दिलं! बंगळूरहून विमानाने जिनिव्हा आणि तिथून ट्रकने या वळणांच्या रस्त्याने कादाकेस. काही वर्षांनी मग प्राणिसंग्रहालयात गेलं ते. आई ऐकत होती. मला वाटलं हसेल. तिने आजूबाजूला बघितलं, त्या बोळांकडे, पायऱ्यांकडे, सोफ्याकडे. "हत्तीक बांधल्यान खंय? आणि शेण कोण काढी होतो?"

बघा म्हणजे. पुन्हा तेच.

त्या प्रश्नाचं निदान एक उत्तर मला नंतर मिळालं, आणि ते नाव असलेलं आहे. आर्तुरो कामिनादा. कादाकेसचाच पोरगा, १९४८ च्या आसपास या घरात कामाला लागला तो दाली मरेपर्यंत. होडी चालवायचा, गाडी चालवायचा, झाडांना पाणी, पक्ष्यांना दाणे, दारं उघडणं, बंद करणं. चाळीस वर्षं. १० जून १९८२ ला गाला याच घरात गेली. तिला पुरायचं होतं पुबोलला, तासाभराच्या पलीकडे, दालीने तिला घेऊन दिलेल्या वाड्यात, जिथे दालीलासुद्धा तिच्या लेखी आमंत्रणाशिवाय जायची परवानगी नव्हती. प्रेत असं कागदपत्रांशिवाय हलवता येत नाही. मग रात्री तिला कॅडिलॅकच्या मागच्या सीटवर जिवंत माणसासारखं बसवलं, शेजारी नर्स, आणि गाडी आर्तुरोने चालवली. तेच सगळे घाट, रात्री, मागे मालकीणबाई. ती गाडी अजून पुबोलला ठेवलेली आहे, लोक बघायला जातात, गाडीचे फोटो काढतात. दालीने मृत्युपत्रात सगळं स्पेन सरकारला दिलं. आणि मला कादाकेसच्या किनाऱ्यावरचा तो मिशीवाला पुतळा आठवला, ज्याच्या खांद्यावर हात ठेवून लोक फोटो काढतात. आर्तुरोचा एखादा पुतळा कोणी केला असता तर त्याच्या हातात फडकं द्यावं लागलं असतं, आणि ते कोणाला खपलं असतं?

अर्थात हे लिहिताना मी काही फार वेगळी नाही. वेंगुर्ल्याच्या आमच्या घरातला आजोबांच्या हातचा पाट मी सगळ्यांना दाखवते, कोरीवकाम बघा म्हणून. तो पाट रोज पुसून भिंतीला उभा करणाऱ्या बाईचं नाव मला लगेच आठवत नाही, आई सांगते तेव्हा आठवतं.

घर आवडलं का, असं मला नंतर बऱ्याच जणांनी विचारलं. आवडलं. खूप आवडलं, आणि त्याचाच राग आला. मला हवं होतं की घर भंपक निघावं, म्हणजे माणूस भंपक होता हे आपोआप सिद्ध झालं असतं. तसं झालं नाही. खिडक्या बघायला पाहिजेत तुम्ही. एकही खिडकी दुसरीसारखी नाही, कुठे बुटकी, कुठे चौकोनी, कुठे इतकी अरुंद की डोळा लावावा लागेल, आणि प्रत्येकीतून तीच खाडी, तीच काळी कड, तेच बेट. जगातली सगळी मोठी शहरं बघितलेल्या माणसाने पन्नास वर्षं एवढुशा पाण्याच्या तुकड्याकडे बघत काढली. फ्रँकोचं कौतुक करणारा माणूस तोच, आणि हाही तोच, आणि हे दोन मला अजून एकत्र करता येत नाहीत, येतील असं वाटत नाही.

कादाकेसला परत आलो तेव्हा बसला वेळ होता. इथे 'ताप्स' नावाचे छोटे केक मिळतात, बाटलीच्या बुचाच्या आकाराचे, वरून रम ओतून पेटवूनही देतात. आईने रमवाला नको म्हणून साधा घेतला, आणि माझ्यातला अर्धा खाल्ला, जो रमवाला होता. मग पाय मोकळे करून, वाऱ्याकडे पाठ करून बसली आणि म्हणाली, मग ह्याका पुरल्यानी खंय? गालाशेजारी?

नाही ना. पुबोलच्या तळघरात दोन कबरी शेजारी शेजारी बांधलेल्या, मध्ये म्हणे फट ठेवली होती, मेल्यावर हात धरता यावा म्हणून. एका कबरीत गाला. पण १९८९ मध्ये दाली गेला तेव्हा फिगेरेसच्या महापौरांनी सांगितलं की शेवटी माझ्या कानात सांगितलं होतं, मला इकडेच ठेवा. झालं, त्याला फिगेरेसच्या त्याच्या म्युझियममध्ये पुरलं, स्टेजच्या खाली, वर माणसं चालतात. २०१७ मध्ये एका बाईने कोर्टात दावा केला की मी त्याची मुलगी, म्हणून उकरून काढला त्याला. मिशी जशीच्या तशी, दहा वाजून दहा मिनिटांवर. मुलगी नव्हती ती, डीएनए जुळला नाही. परत पुरला.

आईला मिशीत रस नव्हता. "म्हणजे तिच्या शेजारचा अजून रिकामाच आसा?"

हो.

"मेल्यांनी जागा फुकट घालवल्यानी," ती म्हणाली, आणि बस दिसल्यावर उठून सगळ्यांच्या आधी रांगेत जाऊन उभी राहिली, खिडकी पाहिजे म्हणून.